दलदलीची हद्द

१२ मार्च
संपलं! नव्या वेगवान रेल्वेची रेघ शेवटी पुरेनी वाडीवर आली. पाच घरं. पैसा ब्रुसेल्सचा, वेगासाठी त्यांना रुळांत वळण नको. आणि शेजारच्या दलदलीला हात लावायचा नाही — तीही ब्रुसेल्सच्याच नियमाने राखीव. दोन्हींच्या मधे उरलं काय, तर ही पाच घरं. राजधानीने, रीगाने, आराखडा धाडलाय. आमच्या तालुक्याचा नकाशा त्याच्याशी जुळवायचं काम माझं.

१९ मार्च
जनसुनावणी. शाळेचा हॉल गच्च. आउस्त्राकाकूंनी — पुरेनीतलं पहिलं घर त्यांचं — नकाशावर बोट ठेवलं. "विझ्मा, यात माझी विहीर कुठे गं?" दाखवली. "आणि मी?" मागून कुणीतरी ओरडलं, "बेडकांना घर आहे काकू, तुम्हाला नाही! बेडूक व्हा!" सगळे हसले. काकूही. मी खाली बघून कागद गोळा करत राहिले.

२० मार्च
कपाटातून दलदलीची जुनी फाइल काढली. परत ठेवली.

२२ मार्च
लिहूनच टाकते. ती दलदलीची हद्द मीच आखली होती. २००४. देशाला युरोपीय युनियनमध्ये शिरायची घाई, रीगाहून रोज फोन — राखीव जागांची यादी द्या, यादी द्या! दलदलीची पश्चिमेची पट्टी बघायला गेलेच नाही. चिखल होता म्हणून... खरं तर कंटाळा! जुन्या नकाशावरून रेघ ओढली. पुढे कळलं, तिथलं पाणी चर खणून कधीच काढलेलं. कोरडं रान. गप्प बसले. हद्द चारशे मीटर जास्त! तेवढ्यातून ही रेल्वे आरामात गेली असती.

२६ मार्च
कचेरीतल्या आइवार्ससाहेबांना सांगितलं. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. "वीस वर्षं गिळलंस ना? आणखी वीस गीळ." मग हळूच, "नोकरी जाईल गं."
जाऊ दे, म्हटलं.

२ एप्रिल
काकूंना सांगून आले. वाटलं, हाकलून देतील. बराच वेळ काळा पाव कापत राहिल्या. मग — "चुकीच्या रेघेने घर जातंय ना? मग रेघ नीट कर. रडतेस काय!"

५ एप्रिल
मंत्रालयाला पत्र तयार. फोटो जोडायला हवेत. उद्या गमबूट घालून पट्टीवर.

६ एप्रिल
कोरडं रान कुठलं! राखीव म्हणून वीस वर्षं चर कुणी उपसलेच नाहीत, बीव्हरांनी झाडं कुरतडून पाण्याला बांध घातलेत. गुडघाभर पाणी, शेवाळ, गेल्या सालच्या क्रॅनबेऱ्या. क्रौंचाचं जोडपं घरट्यावर.
माझी खोटी रेघ खरी झालीय.
परतीची वाट पुरेनीतूनच जाते, काकूंच्या दारावरून.