टाकीमागचा गोल

३ मार्च, सोमवार

दमले म्हणे! कोच सांगतो, पोरं दमली होती म्हणून हरलो. अरे, दमायला आधी धावावं लागतं. तो नऊ नंबरवाला सबंध दुसरा अर्धा गोलसमोर उभा. मी त्याला नवरदेव म्हणते. बॉल ताटात वाढून दिला तरी आधी केस सारखे करणार. त्याला काढायचं सोडून कोचने धावणाऱ्यालाच बाहेर बसवलं. मी खिडकीतून बोंब मारली. कोणाला ऐकू जातंय.

आणि गोलकीपर — चाळणी. हे नाव मीच ठेवलं, ह्यांनी ते स्टँडवर नेलं, आता सगळं मैदान तेच ओरडतं. पहिल्या अर्ध्यात बरा असतो. अर्ध्यावर बाजू बदलली की आमचा गोल शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे जातो आणि मग हा खातो. कालही दोन खाल्ले. मला दिसत नाही, नुसतं लोकांचं 'अर्रर्र' येतं. त्यावरून समजायचं.

वाघ मात्र वाघ. कॅप्टन आहे, खेळतो मागे, पण दुसऱ्या अर्ध्यात बॉल घेऊन पार माझ्या खिडकीपर्यंत चाल करून येतो. असे अजून दोन असते तर बात वेगळी होती.

सासरे पलंगाला लागल्यापासून मला एवढंच मैदान. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं तेवढं, म्हणजे अर्धं.

४ मार्च, मंगळवार

सासऱ्यांना पुसून काढलं, चादर बदलली, सूप भरवलं. अर्धं त्यांच्या पोटात, अर्धं माझ्या बाहीवर. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डावा हात तेवढा चालतो. जन्मभर ह्याच मैदानावर लाइनमन होते. अजूनही काही पटलं नाही की डावा हात सरळ वर. ऑफसाइड! आज सुपाला दिला. चाखून पाहिलं तर मीठच नव्हतं. निर्णय बरोबर होता.

धाकटी जाऊ चार गल्ल्या सोडून राहते. महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचं, खुर्चीच्या टोकावर बसायचं आणि निघायचं. तोंडातून कधी निघालं नाही की ताई, थोडे दिवस आम्ही नेतो बाबांना. ह्यांना म्हटलं होतं, विचारा तुमच्या भावाला. हे म्हणाले, 'विचारलं. तिला जमत नाही. जाऊ दे, कशाला वाईटपणा घ्यायचा.' तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलते. चहासुद्धा विचारून करते.

७ मार्च, शुक्रवार

भाजीला खाली गेले. बाहेरून कुलूप, किल्ली मुठीत. भाजीवाली म्हणाली, 'टेका की जरा, कायम मेली घाईत.' टेकणार कशी? वर माणूस कुलपात. जिना चढताना मनात आलं, कुलपात दोघं आहोत. फरक एवढाच की मला किल्ली दिली आहे.

९ मार्च, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

हे जेवून, गळ्यात संघाचा रुमाल बांधून निघाले. 'घरी कोणीतरी हवंच ना,' हे दर रविवारचं. कोणीतरी म्हणजे मी. पहिला अर्धा खिडकीतून पाहिला, गोल नाही. तेवढ्यात बेल. जाऊ, हातात फळांची पिशवी. मी दार उघडलं नि परत खिडकीशी गेले. ती मागे येऊन उभी राहिली.

'ताई, अशी मान मोडून काय बघता? खाली जा ना. मी बसते बाबांजवळ.'

'तुला कुठे जमतं?'

'कोण म्हणालं?'

'हे.'

ती खुर्चीत बसली. या वेळी नीट, टेकून. 'ताई, मोठ्या भाऊजींना आम्ही कितीदा म्हटलं, बाबांना सहा महिने आमच्याकडे ठेवा. ते म्हणाले, हिला चालत नाही, दुसऱ्याने हात लावलेला हिला खपत नाही. मग मी फळं देते नि निघते. तुम्हाला राग येईल म्हणून टेकतसुद्धा नाही.'

चपला सरकवल्या आणि उतरले. अंगात गाउन, हातात ओला फडका तसाच.

केवढं मोठं आहे मैदान! विसरलेच होते. टाकीमागच्या गोलापाशी जाळीला नाक लावून उभी राहिले. मैदानाच्या माळ्याने ओळखलं. म्हणाला, 'नशीब काढलंत बाई. तुमचे मालक वडिलांना फुलासारखं जपतात. सगळं स्टँड नाव घेतं त्यांचं.'

फडका पिळला. पाणी माझ्याच पायावर.

तेवढ्यात वाघ बॉल घेऊन सुटला, माझ्या खिडकीच्या दिशेने. टाळ्या, शिट्ट्या. तिकडे बॉल गेला पायातून, आणि वाघ कमरेवर हात ठेवून तिथेच उभा. परत यायचं नाव नाही. इकडे समोरच्या संघाचे तिघे सुटलेले आणि समोर चाळणी एकटा. एक फटका छातीवर घेतला. दुसरा पायाने काढला. तिसरा आत गेला. मग वाघ आला — चालत. दोन्ही हात पसरून चाळणीवर खेकसला, सगळ्या स्टँडला दिसेल असा.

स्टँड ओरडलं, चाळणी, चाळणी! सगळ्यात पुढे आमचे हे. एका हातात शेंगदाण्याची पुडी.

त्यांनी मला पाहिलं नाही. मी त्यांना बराच वेळ पाहिलं.

१० मार्च, सोमवार

हे जेवायला बसले तेव्हा विचारलं, 'भावाने बाबांना मागितलं होतं?'

घास हातातच राहिला. 'अगं, बोलायचं म्हणून बोलतात ते. दोन दिवसांत आणून टाकतील परत. आणि बाबा तुझ्याशिवाय राहायचे नाहीत.'

पलंगावरून डावा हात सरळ वर गेला.

'तहान लागली असेल त्यांना,' हे म्हणाले. ताटावरून उठले, स्वतः पाणी पाजलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ग्लास संपला. हात खाली आला नाही.

११ मार्च, मंगळवार

गोलकीपरचं खरं नाव काय असेल? कधी विचारलंच नाही.

१२ मार्च, बुधवार

घराची किल्ली ह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. म्हटलं, खेळात अर्ध्यावर बाजू बदलतात. बाबा सहा महिने तिकडे, सहा महिने इथे. आणि इथे असतील तेव्हा एक रविवार तुम्ही मैदानावर, एक रविवार मी. ह्या रविवारी शेवटचा सामना आहे, पहिली पाळी माझी. शुक्रवारी जेवणाआधी उत्तर पाहिजे. 'बघू' म्हणालात तर ते उत्तर धरणार नाही.