न दिलेला अर्ज

परभणी,
दि. ११ मार्च २०२५

तीर्थरूप आई यांच्या चरणी शिवशंकरचा नमस्कार.

आपण व गोपाळ सुखरूप असाल, असे धरून चालतो. चि. सोनू दहा महिन्यांचा झाला. खालचे दोन दात आले आहेत. भिंतीला धरून उभा राहतो. माझ्या मातोश्रींचे गुडघे तसेच दुखतात. येथे ऊन वाढले आहे.

चार महिन्यांनी लिहीत आहे. रेणुकाच्या तेराव्याला आपण म्हणालात, "जावईबापू, लेकरू माज्यापाशी ऱ्हाऊ द्या." त्यावर मी सर्वांसमक्ष म्हणालो, "आपल्या मुलीने चौथ्या महिन्यात त्याचे दूध तोडले. तिच्या माहेरी मूल कोणत्या भरवशावर ठेवू?" आपण पदर सावरून उठलात. त्यानंतर या घराची पायरी चढला नाहीत.

गेल्या रविवारी मानवतहून रेणुकाच्या शाळेतील शिपाई लक्ष्मीबाई तिच्या खणातील वस्तू घेऊन आल्या. सोनूला पाहून म्हणाल्या, "ह्येच्या वाटचं दूध आमच्या शाळंच्या मोरीनं पिलं बगा, सर." छाती दाटून दुखू लागली की मधल्या सुट्टीत रेणुका मोरीत जाई आणि दूध पिळून टाकी. लक्ष्मीबाई दाराशी उभ्या राहत. "पोरं इचारायची, बाई काय करायल्यात? मी म्हनायची, डबा धुवायल्यात. एक पोरगं म्हनलं, बाईंचा डबा लय मोठा दिसतोय. बाई आतून हसल्या. मग लय येळ भाईर आल्या न्हाईत."

पत्र येथे संपवले असते, तर मला काहीच ठाऊक नव्हते असा आपला समज झाला असता. तो खरा नाही.

जूनच्या अखेरीस, रुजू होण्याच्या आठ दिवस आधी, तिने चार महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज लिहून मला दिला. "तोवर सोनू वरचं खायला लागेल. एवढंच बघा, नीट लिहिलाय का." मी मराठीचा प्राध्यापक. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले. 'अंगावर पाजणे' खोडून 'स्तनपान' केले. मग अर्ज परत देत म्हणालो, हा देऊ नये; सेवेत खंड पडेल, कायम होणे लांबेल.

"मग दुरुस्त कशाला केला?" तिने विचारले. मी हसलो.

लक्ष्मीबाईंनी आणलेल्या वस्तूंत तो अर्ज आहे.

ती सकाळच्या एसटीने जाई, दुपार कलल्यावर परते. दूध कमी होत गेले. ऑगस्टमध्ये मातोश्री म्हणाल्या, "हिलाच नको हाय. डब्याचं दूध सोपं पडतं न्हवं." रेणुकाने माझ्याकडे पाहिले. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. माझे एक वाक्य पुरेसे होते. ते मी उच्चारले नाही. पुढे मलाही मातोश्रींचेच म्हणणे खरे वाटू लागले, कारण ते सोयीचे होते. शेवटच्या तापातही रुग्णालयात ती विचारीत होती, "बाटली उकळली का?"

दूध तिने तोडलेले नाही. तसे व्हावे अशी व्यवस्था मी केली, आणि दोष तिच्या आईच्या पदरात, तिच्या तेराव्याच्या पंगतीत घातला.

पुढील महिन्यात सोनूचे जावळ काढायचे आहे. मामाच्या मांडीवाचून ते होणार नाही, हे आपण जाणता. तरीही गोपाळला पाठवा, असे लिहिण्याचा अधिकार मला उरलेला नाही. येत्या रविवारी सोनूला घेऊन मीच राणीसावरगावला येत आहे. त्या दिवशी आपल्या भावकीतील माणिकरावांसह जे पंगतीला होते, त्यांना कृपया बोलावून घ्यावे. हे पत्र मी त्यांच्यासमोर वाचेन. गोपाळने आपल्याला ते आधी वाचून दाखवावे. मातोश्रींनी ऐकले आहे. सोनूची टोपडी त्यांनीच पिशवीत भरली.

उन्हाळाभर तो आपल्यापाशी राहावा, ही विनंती.

मला आत घ्यावेसे आपल्याला वाटले नाही, तर मी ओट्यावर उभा राहून वाचेन. सोनूला तेवढे आत घ्यावे.

आपल्या मुलीचा अपराधी,
शिवशंकर