मांजा लावलेले विमान

रविवार, ता. १२ डिसेंबर १९३७. दुपारी.

रोजनिशी थोरांनी लिहावी व इतरांनी ती वाचून सुधारावे, असा रिवाज आहे. तो मोडून मजसारख्या सतरा वर्षांच्या मुलीने लेखणी उचलावी, हे धाडसच. त्याबद्दल क्षमा असावी. कोणाची, ते ठरवलेले नाही, कारण ही वही मी कोणास दाखवणार नाही.

मी तापी रूपचंद पाटील. मराठी सातवीच्या परीक्षेत जिल्ह्यातील मुलींत पहिली. स्वभाव अबोल, भित्रा व अत्यंत शांत.

लिहिण्याचे कारण असे. मुंबईच्या एका मासिकाने स्पर्धा लावली आहे. रबराच्या पिळावर चालणारे विमान स्वहस्ते करून ते तीस सेकंद हवेत टिकवावे. पहिल्या येणाऱ्यास जुहूच्या खऱ्या विमानात बसवून मुंबईवरून एक फेरी घडवतील. जागा एकच. विमान व साक्षीदारांच्या सह्यांचा दाखला पाच फेब्रुवारीपर्यंत पोचला पाहिजे.

आगगाडीतही मी अजून बसलेले नाही. तरी विमानात पदर कोठे खोचायचा, हे ठरवून झाले आहे.

संकल्प: दहा दिवसांत विमान. तोवर क्रोध पूर्ण वर्ज्य.

बुधवार, ता. १५.

काम सुरू. मदतनीस म्हणून मेहरुन्निसा हिला घेतले. पतंगवाल्या जब्बारचाचांची मुलगी. चौथीपर्यंत माझ्याच बाकावर होती. तिला बांबूच्या कामट्या तासता येतात, कागद ताणून चिकटवता येतो. सिद्धान्त माझा. मी मासिकातील आकृती मोठ्याने वाचते, ती करते. काम निम्मे निम्मे.

रबर मिळेना. दोधूभाऊची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, सायकल नुसतीच उभी होती. मागच्या चाकातील ट्यूब काढून तिच्या बारीक पट्ट्या कापल्या. भाऊने जाब विचारला. मी अबोल असल्यामुळे बोलले नाही. त्याने वेणी ओढली. मी अडकित्ता फेकला. तो त्याच्या गुडघ्यास लागला, हा नेम नव्हे, योगायोग.

क्रोध उद्यापासून वर्ज्य.

रविवार, ता. १९. सकाळी नऊ.

पहिले उड्डाण. यशस्वी. वेळ दोन सेकंद. अंतर माझ्या हातापासून गजराकाकूच्या नाकापर्यंत. रक्त बेताचे. काकूचे नाक मुळातच पुढे आहे, हे कोणी विचारात घेत नाही.

शनिवार, ता. २५.

दोष सापडला. वाचनालयात वाचले की, अमेरिकेत जमिनीवर उभे राहून बिनतारी संदेशाने खेळण्यातले विमान वळवू लागले आहेत. आमचे विमान कोणाच्याच आज्ञेत नव्हते, म्हणून नाकाकडे गेले.

बिनतारी यंत्र नंदुरबारात मिळणे नाही, दोरा मिळतो. शेपटीला दोन दोरे. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. साधा दोरा तुटेल. जब्बारचाचांच्या दुकानात सर्वांत मजबूत काय, तर काच लावलेला मांजा. मी तोच निवडला.

मेहरुन्निसा म्हणाली, "मांजा नको वं तापी, कोन्हा तरी गया कापाई जाई."

मी तिला समजावले की, पतंग उडवणे वेगळे आणि विमानविद्या वेगळी. शिवाय कोणाचाही गळा त्या उंचीवर नसतो. तिने बोटांना चिंधी गुंडाळली व मांजा बांधला. एक चिंधी माझ्यापुढेही धरली. मी घेतली नाही. दोरे ती धरणार, आज्ञा मी देणार.

रविवार, ता. २ जानेवारी १९३८. रात्री, दिव्याजवळ, डोळे चुरचुरत असता.

स्थळ: स्टेशनपलीकडचे मैदान, जेथे मिरच्या वाळत घालतात. विमान सुटले आणि मेहरुन्निसाभोवती गोल फिरू लागले. नऊ सेकंद! मी "उजवे" असे स्पष्ट म्हणाले. माझा आवाज स्वभावतः मृदू असल्याने ते तिला ऐकू गेले नाही. दोष तिचा.

मांजाच्या वर्तुळात सापडलेले: दोन वाळवणाच्या दोऱ्या, एका मजुराचा फेटा, आणि शेजारच्या झिपरूआबाचा लाल कोंबडा. कोंबड्याविषयी थोडक्यात: मान.

नंतर विमान मिरच्यांच्या ढिगात घुसले. झिपरूआबा कोंबडा उलटा धरून धावत आले. "तुन्हा विमानना नादमा मन्हा कोंबडा मरना!" माझ्याकडे काठी उगारली, ती मध्ये आलेल्या दोधूभाऊच्या खांद्यावर बसली. भाऊने हाती लागेल ते फेकले. हाती मिरची लागली. पुढची मारामारी सर्वांनी डोळे मिटून व शिंकत केली. जब्बारचाचा सोडवायला गेले. त्यांना दोन्ही बाजूंनी पडली.

मेहरुन्निसाची तीन बोटे चिंधीसकट कापली. तिने तक्रार केली नाही. म्हणजे फार लागले नसावे.

प्रयोगाचे तत्त्व सिद्ध झाले आहे.

शुक्रवार, ता. १४. संक्रांत.

सबंध गाव गच्च्यांवर व मैदानात. म्हणून आजच जाहीर उड्डाण ठेवले. चौदा सेकंद. वाटेत सात पतंग कापले. पतंगांचे मालक संतापून आमच्यावर धावले. मेहरुन्निसाला एकाने ढकलले, त्याला मी चावले. ह्यात क्रोध नव्हता. तो कर्तव्याचा भाग होता.

तेवढ्यात सुटलेला मांजा दोधूभाऊवरून गेला. "मन्हा कान! मन्हा कान!" असे तो फार ओरडला. कान जागेवर आहे, तीन टाके. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विमान उचलून चुलीत घातले. तिळगूळ मला कोणी दिला नाही. गोड बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

शनिवार, ता. २२. तिसरा प्रहर.

आठ दिवस मेहरुन्निसा आली नाही. सिद्धान्तावाचून ती काय करणार, ह्या चिंतेने तिच्या घरी गेले.

तिने परसात विमान केले होते. एकटीने. दोरा नाही. पंखांची टोके दिव्याच्या काचेवर शेकून, पतंगाच्या कमानीसारखी वर वळवलेली. नाकावर चिंचोक्याच्या खळीचा लहानसा गोळा, तोल राहण्यासाठी. तिने पीळ दिला आणि नुसते सोडले. भिंतीवरून गेले. निंबावरून गेले. मी एकवीस मोजले.

ते उचलून आणून ती हसली. "देख वं, सोडी दिधं का आपोआप जास."

मी विमान हातात घेतले, पाहण्याकरिता. मग ते माझ्या पायाखाली आले. टाच दोनदा.

जब्बारचाचा इतकेच म्हणाले, "बेटी, घर जा."

मी शांत स्वभावाची आहे.

सोमवार, ता. २४.

लिहिण्यासारखे काही नाही. कामटी मोडण्याचा आवाज अगदी लहान होता.

बुधवार, ता. २६.

गेले. क्षमेसाठी एक उत्तम वाक्य तयार केले होते. त्यात तीन उपवाक्ये होती. दारात उभी राहिले आणि त्यातील एकही निघेना. जब्बारचाचांनी विचारले, "काय वं, आवाज खाई गई का?"

मेहरुन्निसाने वर न पाहता सुरी आणि बांबू माझ्याकडे सरकवला. "तास."

मासिकात तासण्याविषयी दोन ओळी आहेत. त्या मला पाठ आहेत. चौथ्या फटक्यास सुरी घसरली व अंगठ्यात गेली. मी किंचाळले. तिने चिंधी फाडून गुंडाळली. करकचून, थोडा सूड घेतल्यासारखी. "आते समजनं?"

दीड महिन्यात प्रथमच रक्त माझे होते. सायंकाळपर्यंत मिळून दोन कामट्या तासल्या. चांगली निघाली ती तिची.

घरी आल्यावर दोधूभाऊने सायकलीच्या पुढच्या चाकाची ट्यूब आपणहून काढून दिली. म्हणाला, "ले. एक चाकवर कोठे जासू?"

रविवार, ता. ३०. सकाळी.

मिरच्यांचे मैदान. बापू खिशातले घड्याळ घेऊन आले. झिपरूआबा उरलेल्या कोंबड्या टोपलीखाली झाकून वर स्वतः बसले. मेहरुन्निसाने दोनशे पीळ दिले आणि माझ्याकडे पाहिले. मी "सोड!" म्हणाले. हा शब्द स्टेशनापर्यंत ऐकू गेला, असे मागाहून कळले.

त्रेचाळीस सेकंद.

कोणास इजा झाली नाही. जमलेली मंडळी किंचित निराश होऊन पांगली.

बापूंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "मन्ही पोर जिल्हामा पहिली शे, विमानमा बी पहिली!" त्यांनी दाखल्यावर साक्षीदार म्हणून तेथल्या तेथे सही ठोकली. 'करणाऱ्याचे नाव' ही ओळ माझ्यासाठी कोरी ठेवली.

मेहरुन्निसाने तो कागद अक्षर अक्षर लावून वाचला. 'जागा एकच' ह्यापाशी थांबली. मग म्हणाली, "तू जा. वरथीन आमनी गल्ली दिखास का, ते सांगजो."

मुंबईवरून नंदुरबार दिसणार नाही, हे मी तिला सांगितले नाही.

मंगळवार, ता. १ फेब्रुवारी.

दाखल्यासोबत प्रयोगांची हकिकत जोडावी, म्हणून ही वही आरंभापासून वाचली. असे पूर्वी केले असते, तर बरे झाले असते. माझ्या समजुतीने हिच्यात एका अबोल, शांत मुलीच्या शोधाची कथा होती. प्रत्यक्षात नाक, गुडघा, कोंबडा, कान आणि तीन बोटे आहेत. जे उडाले ते मेहरुन्निसाच्या हातचे. ज्याला लागले ते माझ्या आज्ञेने.

हकिकत जोडली नाही.

कोऱ्या ओळीत लिहिले: मेहरुन्निसा जब्बार पतंगवाले. बापूंच्या सहीखाली, दुसरी साक्षीदार म्हणून, माझे नाव. त्यापुढे सवयीने 'जिल्ह्यात पहिली' असे लिहिले गेले. ते खोडले. खोडताना टाक कागदातून आरपार गेला.

बापू म्हणाले, "हाई काय करं?" मी सांगितले. ते बराच वेळ घड्याळाला किल्ली देत राहिले.

पार्सल घेऊन मी एकटीच स्टेशनावर गेले. पार्सलबाबूने विचारले, पेटीत काय आहे. मी म्हणाले, विमान. तो हसला आणि म्हणाला, कोणी केले? मी नाव सांगितले, फलाटावरच्या हमालांनी वळून पाहावे इतक्या मोठ्याने.

पेटी दिली: मंगळवार, ता. १ फेब्रुवारी १९३८, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे.