बांगडीचे तीन तुकडे

चिरंजीव उमास,

‘चिरंजीव’ लिहिताना नसरीनचा पेन अडला. मी म्हटलं, लिही गं, नातीला दुसरं काय लिहितात? नांदेडच्या प्रयोगशाळेतली ही तुझी मैत्रीण आज तुझा प्रबंध बांधून घेऊन लातूरला आली. वर तुझं नाव कुठं हाय ते तिनं माझं बोट धरून दाखवलं. तुझी आजी अंगठेबहाद्दर; म्हणून मी बोलायलेय अन् ती लिहायलीय.

आपल्या खानावळीत जेवणारी सगळी पोरं क्लास लावून डॉक्टर व्हायला निघालेली, अन् तू म्हणालीस, मला वायूतलं रसायन शिकायचंय, गॅसमधलं. मी गल्लीभर सांगितलं, आमची उमा गॅसचं शिकते. दुसऱ्याच दिवशी शेजारीण विचारत आली, सिलिंडर लवकर मिळंल का! किती हसली होतीस.

मग पोळ्या लाटता लाटता मला समजावलंस. वाळूतलं सिलिकॉन अन् हवेतला ऑक्सिजन, एकाआड एक गुंफलेलं कडं. बाहेरून त्याला कार्बन-हायड्रोजनची घुंगरं. त्याची वाफ करायची, हवा काढून घेतलेल्या नळीत सोडायची अन् विजेचा धक्का द्यायचा. धक्का खाल्लेल्या कड्याला तुम्ही आयन म्हणता. आधी एखादं घुंगरू गळतं. धक्का जोराचा असला तर कडंच फुटतं. मी विचारलं, मग फुटलेल्याचं काय करता, बाई?

तू म्हणालीस, “आजी, तुकडे तोलायचे. तुकड्यांवरून अख्खं कडं ओळखू येतं.”

माझं लाटणं थांबलं. तुला वाटलं, म्हातारीला कळलं न्हाई. लई कळलं होतं गं.

भूकंपात ढिगाऱ्यातून तुला जिती काढली तेव्हा तू पाच वर्षांची. आई गेली तेव्हा कशी दिसत होती, हे तू दर सणाला विचारायचीस अन् मी म्हणायचे, झोपल्यासारखी. खोटं होतं, उमा. तोंड ओळखायसारखं राहिलंच नव्हतं. पंचमीला उदगीरच्या कासारणीकडून मीच तिला हिरवा चुडा भरवला होता. मनगटाजवळ त्यातल्या एका बांगडीचे तीन तुकडे मिळाले. त्यांवरून मी माझी लेक ओळखली.

त्या दिवशी लाटणं ठेवून तुला सांगायला पाहिजे होतं. तुझं कामच ते. तुला समजलं असतं. मला वाटलं, काय घाई हाय? मग तुला तो आठ दिवसांचा ताप आला.

अन् तू अशी कशी गेलीस गं? अख्खी. हातातली एक बांगडीसुद्धा फुटली न्हाई.

ते तुकडे अजून माझ्या चिंधीत बांधलेले हायेत. आज पहिल्यांदा नसरीनला दाखवले. तिनं एक तुकडा उजेडाकडं धरला. मग म्हणाली, “आजी, काचही वाळूचीच. यात उमाचं सिलिकॉन हाय.”

आता तुकडे तुझ्या प्रबंधात ठेवते. नसरीन महिन्याला येऊन थोडं थोडं वाचणार हाय. मला ओ की ठो कळायचं न्हाई, पण शेवटच्या पानापर्यंत ऐकीन, मधे सिलिंडरचं काढणार न्हाई. अन् कुणी तुझ्या आईचं विचारलं, तर झोपल्यासारखी होती असं आता म्हणणार न्हाई.

सही येत न्हाई. खाली अंगठा हाय, तेवढ्यावरून ओळखशील.

तुझी आजी