दादाच्या शहरात किती दिवस

३ एप्रिल
रजा मंजूर. साहेब म्हणाले, जाऊन या एकदाचे. शहरं चार: बंदराचं, डोंगरातलं, म्युझियमवालं आणि दादाचं. कुठे किती दिवस, ते उद्या चहाच्या आत ठरवणार. पंपाच्या कारखान्याचं अख्खं प्लॅनिंग माझ्या टेबलावरून होतं. चार शहरं म्हणजे डाव्या हातचा मळ.

४ एप्रिल
ठरलं. बंदर तीन दिवस, डोंगर तीन, म्युझियम दोन, दादा दोन. ही मटार सोलत होती. म्हणाली, “भावजींकडे दोनच? वहिनी गेल्यापासून एकटे आहेत ते.” म्हटलं, क्वालिटी बघ. हिला प्लॅनिंगमधलं कळत नाही.

७ एप्रिल
स्टोअरकीपर बंदराला जाऊन आलाय. म्हणे तीन दिवसांत काय होतंय, चार हवेत. एक दिवस दादाचा काढला. निव्वळ टेक्निकल निर्णय. त्याच्या शहरात बघण्यासारखं आहे तरी काय? दादाच.

११ एप्रिल
कन्या म्हणाली, “बाबा, म्युझियम सोमवारी बंद असतं.” सगळं कोसळलं. पुन्हा पहिल्यापासून. डोंगर आधी, बंदर शेवटी. दादाला अर्धा दिवस. तसाही त्याच्याकडे गेलो की मी पुन्हा आठवीत जातो. नीट बस, केस काप, ऑफिसात तुझं ऐकतात का रे? शिवाय त्या घरात हल्ली काय बोलायचं कळत नाही. गेल्या वर्षी वहिनी गेल्या तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परतलो. दुसऱ्या दिवशी ऑडिट होतं. बहुतेक.

१६ एप्रिल
युरेका! दादाच्या स्टेशनवर आपल्याला गाडी बदलायचीच आहे. मध्ये पाऊण तास मिळतो. दादा प्लॅटफॉर्मवरच येईल. भेटही होईल, दिवसही वाचेल. हिला सांगितलं. हिने इस्त्री बाजूला ठेवली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा उचलली. म्हणजे पटलं.

१९ एप्रिल
फायनल प्लॅन घेऊन एजंटकडे गेलो. गाड्या भरलेल्या. हॉटेलं भरलेली. म्हणाला, “रोज येऊन नवीन तारखा सांगत होतात, मी बुक काय करणार?” उद्धट माणूस. उद्या दुसरा एजंट.

२२ एप्रिल
दुसरा एजंट हसला. प्रवास पुढे ढकलला आहे. रद्द नाही. दोन्हींत फरक असतो, कन्येला समजावून सांगितला. ती मैत्रिणीकडे निघून गेली.

२४ एप्रिल
रजा सुरू. तीनही पंखे पुसले. हिने मला न विचारता दादाला फोन लावला. “यांचं काही ठरत नाही, तुम्हीच या.” ‘काही ठरत नाही’ हे अतिशयोक्त आहे.

२६ एप्रिल
दादा आला. हातात एक छोटी बॅग. वाळलाय. शर्टाचं एक बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं. आता बोलेल, मग बोलेल म्हणून वाट पाहिली. काही नाही. मुद्दाम खुर्चीत वाकडा बसलो. तरी नाही. हिला मात्र विचारत होता, भाताला पाणी किती घालायचं. हिने सांगितलं. त्याने परत विचारलं. मला उगाच खिडकी उघडावीशी वाटली. ती उघडीच होती.

२७ एप्रिल
दादा निघाला. म्हटलं, रहा की, माझी रजा आहे. तर म्हणे, “नको रे, तिथली झाडं वाळतील. तुझ्या वहिनीने लावलेली.” स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी अर्धी रिकामी. खिडकीतून म्हणाला, “चल माझ्याबरोबर. बाजूची जागा मोकळी आहे.”
विचारलं, “किती दिवस?”
“अरे, ये तर खरं!”
कपडे नव्हते. हिला सांगितलेलं नव्हतं. दोन दिवस की तीन, परतीचं काय, एवढाच हिशेब करत होतो. तेवढ्यात गाडी हलली. दादाने हात केला. बाजूची जागा मोकळीच होती.
उद्या पहिल्या गाडीने जाणार. नक्की. किंवा परवा. परवा गर्दी कमी असते.