पाच दिवसांचे तिघे

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज चढतो आणि माझा त्याहून चढतो, म्हणून लिहितोय. इकडे आईचं बरं चाललंय, डोळे सोडून. समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध पुसला जातो आणि कडेचं तेवढं दिसतं, असं सांगते. तुझ्या लेकीचा फोटो तिरका धरून बघत बसते.

आता मुद्द्याचं. तुमच्या ऑफिसची मतचाचणी गेल्या आठवड्यात पेपरात पहिल्या पानावर आली. शंभरातल्या एकाहत्तर जणांना म्हणे स्टेम सेल संशोधन अनैतिक वाटतं. आत बारीक अक्षरांत प्रश्न छापलाय: 'ज्यापासून मूल होऊ शकले असते असा पाच दिवसांचा गर्भ संशोधनासाठी मोडणे तुम्हाला योग्य वाटते का?' वाचल्याबरोबर ओळखलं की हे प्रुफं तपासता तपासता प्रश्न लिहायला लागलेल्या आमच्या ताईसाहेबांचं काम. मोडणे? अगं, खुर्च्या मोडतात, लग्नं मोडतात. असं विचारल्यावर 'हो' म्हणणारे एकोणतीस तरी कुठून सापडले याचंच मला नवल वाटतं.

तुझ्या त्या एका शब्दाने काय केलं ते ऐक. डोळ्याच्या पडद्याच्या पेशी बनवायला आमच्या लॅबला जे भ्रूण लागतात, ते जोडपी स्वखुशीने देतात. मूल व्हावं म्हणून उपचार केंद्रात तयार केलेले आणि नंतर न लागलेले. या आठवड्यात अकरा जोडप्यांनी संमती मागे घेतली. आता कुणीच उरलं नाही. त्यांच्या संमतिपत्राचा मजकूर चार वर्षांपूर्वी मी लिहिला. 'शिल्लक भ्रूण' असा साधा शब्द, कुणाला न टोचणारा. आजवर एक तक्रार नाही. याला भाषा म्हणतात.

आणि कहर म्हणजे तुमच्या ऑफिसातून आईलाही फोन आला होता. तिने ठणकावून सांगितलं, योग्य नाही म्हणून. जिचे डोळे बघून मी या कामात पडलो तिनेच.

लोभ होता, त्यातला थोडाफार उरला असावा.

तुझा,
ढब्बू


१३ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे पाकिटावरचं अक्षर बघूनच कळलं.

तो प्रश्न मी झोपेत लिहिलेला नाही. आधी चाळीस माणसांवर चार शब्द घासून पाहिले. 'भ्रूण' म्हटलं की लोकांना पुढचं 'हत्या' आपोआप ऐकू येतं. 'पेशींचा पुंजका' म्हटल्यावर एक न्हावी म्हणाला की मग मला कशाला विचारता, मी रोज केस कापतो तेव्हा कुणाला विचारतो का. 'गर्भ' सगळ्यांना कळला. राहिलं मोडणे. तुझ्याच लॅबच्या मोठ्या बाईंनी मला सांगितलं होतं की पाचव्या दिवशी तो उघडावा लागतो आणि मग तो पुढे वाढत नाही. याला साधा माणूस मोडणेच म्हणतो. तुम्हाला काम करायचंय, पण त्याचं नाव ऐकायचं नाही.

आणि तुझा तो न टोचणारा शब्द. शिंप्याकडे कापड शिल्लक राहतं, ढब्बू. दहा वर्षांपूर्वी त्या केंद्रात एका ताटलीत माझे चौघे होते. डॉक्टरीणबाईंनी त्यातलं एक उचललं, ती तुझी भाची. बाईंचा हात जरा डावीकडे गेला असता तर आज ती गोठवलेली असती आणि त्या तिघांतलं कुणीतरी माझ्या कागदांवर शाई सांडत असतं. शिल्लक कोण आणि कामाचं कोण, हे हाताच्या हेलकाव्यावर ठरलं. मला तो शब्द सहन होत नाही.

त्या तिघांना गोठवून ठेवायची मुदत एकतीस जुलैला संपतेय. केंद्राने संमतीचा फॉर्म पाठवलाय, तुझ्याच मजकुराचा. ड्रॉवरमध्ये पडलाय. आईला या तिघांचं कधी बोलले नाही, तूही बोलू नकोस. आणि तिला दोष देऊ नकोस. तिला विचारलं, तिने सांगितलं.

लोभ असू दे म्हणत नाही, डोकं थंड असू दे.

तुझी,
ताई


२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सरळ विचारतो. तू सेहेचाळीस वर्षांची, दाजी त्रेपन्नचे. त्या तिघांचं तू करणार काय आहेस?

फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून तू फार थोर काम करतेयस असं तुला वाटत असेल. एकतीस जुलैला काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. केंद्रातला माणूस हातमोजे घालून नळ्या बाहेर काढतो आणि वितळू देतो. मग दवाखान्याच्या कचऱ्याची पिवळी पिशवी. त्याला तुझ्या शब्दकोशात काय म्हणायचं ते कळव, पुढच्या मतचाचणीत घालता येईल.

नातेवाइकांकडे मागायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. मी मोडतोय. बघ, तुझाच शब्द. खोटं आमिष दाखवत नाही, आईला याचा काही उपयोग नाही, तिला उशीर झाला. पण अजून कुणाच्या तरी आईला होईल. आमच्याकडे सध्या एकही भ्रूण नाही, पेशी वाढवायच्या उबेच्या पेट्या रिकाम्या चालू आहेत. सही कर. नाहीतर निदान मला नीतिमत्ता शिकवू नकोस.

बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

ढब्बू


२१ जुलै

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

काल फॉर्म पोस्टात टाकला. दोघांच्या सह्या आहेत. हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, एकदाच विचारलं की नक्की ना, आणि सही करून चपला घालून बाहेर फिरायला गेले. तासाभराने आले.

तुझ्या पत्रामुळे केलं असं समजून मिशीला पीळ देऊ नकोस. तसलं पत्र वाचून मी उलट फाडून टाकणार होते. लेक आजीसारखा फोटो तिरका धरून बघत होती, नक्कल करत होती. मला आधी हसू आलं, मग नाही आलं. तेव्हा ड्रॉवर उघडला.

माझं मत तेच आहे. मी मोडणेच म्हणेन. मोडायचं तर मोडतोय हे कळून मोडावं, एवढंच माझं म्हणणं होतं, ते तुला दोन पत्रांत कळलं नाही. फॉर्ममध्ये एक शब्द चुकीचा होता, तेवढा दुरुस्त करून पाठवलाय. हाताची सवय.

त्यांना नीट हाताळा. रागाने नाही, विनंती म्हणून लिहितेय.

ताई


९ ऑगस्ट

ताई,

नमस्कार वगैरे लिहायची इच्छा नाही.

मी तुझ्यावर विश्वास ठेवला. मोठ्या बाईंना सांगून ठेवलं, एक पेटी धुऊन तयार केली. काल केंद्राला फोन केला. त्यांच्याकडे जुलैमध्ये एकही ग्राह्य संमती आलेली नाही आणि मुदत संपलेल्या सगळ्या नळ्या एकतीस तारखेला नष्ट केल्या. सगळ्या.

द्यायचे नव्हते तर नाही म्हणायचंस. तेवढा तुझा हक्क होता. पण सही केली, पोस्टात टाकलं, दाजी फिरायला गेले, अशी गोष्ट रचायची काय गरज होती? इतकी वर्षं लोकांच्या चुकांवर लाल रेघा मारतेस आणि स्वतः धडधडीत खोटं लिहितेस. यापुढे पत्र पाठवू नकोस.

ढब्बू


१६ ऑगस्ट

चि. ढब्बूस,

पाठवू नकोस म्हणालास तरी पाठवतेय, कारण सोबतचा कागद तुझा आहे.

हा फॉर्म पाच तारखेला मला परत आला. मी परवा केंद्रात जाऊन आले. खिडकीमागच्या मुलीचा दोष नाही, तिने जे छापलंय ते वाचून दाखवलं. तिसऱ्या ओळीत 'आमचे शिल्लक भ्रूण' आहे. मी 'शिल्लक' काटला, समासात खूण केली आणि वर 'तिघे' लिहिलं. 'आमचे तिघे भ्रूण'. व्याकरणाला धरून आहे. आता अगदी तळाशी बघ, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: 'खाडाखोड असलेला अर्ज रद्द समजण्यात येईल.' ती ओळही तुझीच ना? मुलगी म्हणाली, चार वर्षांपूर्वी लॅबकडूनच आली.

जन्मभर लोकांचं बारीक अक्षर वाचलं आणि स्वतःच्या पोरांच्या कागदावरची शेवटची ओळ वाचली नाही. तुला नुसतं दोषी धरता आलं असतं तर मला बरं झालं असतं. तेही करता येत नाही. ते कुणाच्या आईच्या कामाला आले नाहीत आणि माझेही राहिले नाहीत. हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

खोटारडी म्हणालास, ते माझ्या लक्षात राहील.

ताई


२५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ती ओळ माझीच. कुणी मागून फेरफार करू नये म्हणून घातली होती. हे मोठ्या बाईंना सांगितलं, केंद्रालाही लेखी कळवलं. माफी मागतो असं दोनदा लिहून काटलं, कारण तेवढ्याने काय होणार आहे.

तू सांगू नकोस म्हणाली होतीस तरी मी आईला सांगितलं. फॉर्म हातात घेऊन मी बसलो होतो आणि तिने विचारलं की कसला कागद आहे, इतका वेळ का धरलायस. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, तीन होते का. मग म्हणाली, मला फोनवर कुणी सांगितलं नाही की आपलेच आहेत. उत्तर बदललं असतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही.

मग तिने तुझा शब्द कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. मी तिचं बोट त्यावर ठेवलं. तिला काही दिसलं नाही. तू पेन दाबून लिहितेस, म्हणून मी कागद उलटा केला. पाठीमागून तिच्या बोटाला तो लागला. ती त्यावरून बोट फिरवत राहिली आणि मला म्हणाली, तू जा, तुझं काम कर.

ढब्बू