ट्रंक सलामत आहे

रंगून

तीर्थरूप रामराव दाजींना धर्मराजाचा साष्टांग नमस्कार. दुर्गाअक्का, आई बऱ्या असतील. मी खुशाल आहे, म्हणजे या घडीपर्यंत तरी.

इथल्या लाकडाच्या वखारीत कारकुनीला निघालो तवा, परमुलखात चोरांपासून कसं जपायचं ते तुम्ही आष्टीच्या भर बाजारात बजावलं होतं. मी बराबर तसंच केलं. मद्रासेला आगबोटीत चढल्याबरोबर ट्रंक पायाला बांधली, घड्याळ कोपरीच्या चोरखिशात शिवलं आणि अंगठी तोंडात धरली (त्यापायी उपास घडला, ते जाऊ द्या).

शेजारी मार्तंडराव नावाचे दाढीवाले गृहस्थ होते. अंबडचे म्हणाले. भर समुद्रात आपली बोली ऐकून मला भरून आलं. तरी मी सावध! पण त्यांनी ट्रंकेकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. नुसतं विचारून राह्यले. आई हाक कशी मारते? धाकटा बैल मारका की गरीब? चिंचेवरून पडल्तो तवा लागलं कुठं? मी सांगत गेलो. बोलायला काय खर्चा लागतो?

मंग एका सकाळी त्यांनी दाढी काढली, मिशी माझ्यासारखी कातरली. पुढं माझ्यासारखा डावा पाय ओढत चालू लागले. मी गंमत समजून हसलो, तर तेही हसले, आणि दाजी, ते हसू माझं होतं. खलाशी त्यांना धर्मराज म्हणू लागले. "अहो, धर्मराज मी!" असं ओरडलो, तर समद्यांनी त्यांच्याकडंच पाह्यलं. ते हळूच म्हणाले, "जाऊ द्या, बिचाऱ्याला बोट लागलीय."

रंगूनला ट्रंक, घड्याळ, अंगठी, सगळं घेऊन उतरलो. ते उतरलेच न्हाईत. कठड्याला टेकून म्हणाले, "मी याच बोटीनं माघारी चाललो. आई वाट पाहत असंल." आवाज माझाच. मला घडीभर वाटलं, घरी मीच निघालोय, मंग धक्क्यावर ट्रंक घेऊन हा कोण उभा आहे?

वखारीचा करार वर्षभराचा, मला हलता येत न्हाई.

आपला
धर्मराज

ता. क. पत्र पोचंल तवर ते आष्टीला आले असतील. तुम्ही जेवूही घातलं असंल. घरात ठेवू नका. प्रश्न विचारून पारखायला जाऊ नका, मी समदं सांगून बसलोय.

आणखी ता. क. खूण एकच. तो आपणहून पहाटे उठून गोठा झाडत असंल, आईशी गोड बोलत असंल, तर बिलकुल मी न्हाई. जल्दी तार करा. पण आई म्हणाली, "राहू द्या त्याला," तर तेवढं मात्र मला कळवू नका.